एकाची खुर्ची, दोघांची खुर्ची

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन नकाशे येतात. एक मॅड रिव्हर ग्लेनचा, दुसरा मॅजिक माउंटनचा. दोन्ही ठिकाणं अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यातली, दोन्ही स्कीसाठीचे छोटे डोंगर. हिवाळाभराचा पास घ्यायचा तर चौघांना मिळून एकाच डोंगराचा परवडतो, त्यामुळे थंडी सुरू होण्याआधी निवड करावी लागते. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. शनिवारी पहाटे साडेपाचला पराठे बांधून निघालं की पासवर ज्याचं नाव आहे त्या डोंगराशी मार्चअखेरपर्यंत आमचा संसार.

छोटे म्हणजे उंचीने ठेंगणे नव्हेत. मॅड रिव्हरच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत २०३७ फुटांची उतरण आहे, मॅजिकची सुमारे दीड हजार फुटांची. छोटेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. लिफ्ट मोजक्या, पायथ्याला एक लाकडी इमारत, तिच्यात खोक्यांतून बूट काढणारी कुटुंबं, सूपचा वास, आणि मालकी कुठल्याही साखळीची नाही. मॅड रिव्हरला खेटून शुगरबुश आहे. मॅजिकच्या आसपास स्ट्रॅटन, ओकीमो आणि ब्रॉमली. या मोठ्या शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग मागे टाकून आपली गाडी आडवाटेला वळते, तेव्हाच मन हलकं होतं.

शाळेत आमच्या मराठीच्या बाई कविता शिकवताना अर्थाला लगेच हात घालत नसत. आधी टेबलावर बोटांनी ठेका धरायच्या. ओळ कुठे थांबते, कुठे धावते, किती अक्षरांत मावते हे आधी कानाला कळू दे, अर्थ मागून येतो, असं त्यांचं सांगणं. डोंगर वाचायला मी तसंच शिकले. लोक आधी वाटा मोजतात, किती सोप्या, किती अवघड ते पाहतात, पासची किंमत विचारतात. तेही बघावंच लागतं. पण डोंगराचा ठेका असतो लिफ्टमध्ये. माणसं किती वेगाने आणि किती संख्येने वर जातात यावर पुढचं सगळं ठरतं: बर्फाचा पोत, वाटेवरची गर्दी, माणसांच्या चेहऱ्यावरची घाई, सगळंच.

मॅड रिव्हरची मुख्य लिफ्ट १९४८ सालची. जाड पोलादी दोर, त्याला पेलणारे खांब आणि दोराला ठरावीक अंतरावर लटकणाऱ्या खुर्च्या, हे इतरांसारखंच. फरक एवढाच की प्रत्येक खुर्चीत एकच माणूस बसतो. अशी एकेरी लिफ्ट आता अमेरिकेत दोनच ठिकाणी उरली आहे, एक इथे आणि दुसरी अलास्कातल्या कॉर्डोव्हा गावाजवळ.

या खुर्चीत बसण्याचा क्षण मी कितीदा तरी मनात घोळवला आहे. आपली पाळी आली की दोन्ही काठ्या एका हातात घ्यायच्या, स्की सरळ ठेवून आखलेल्या रेघेवर उभं राहायचं आणि खांद्यावरून मागे बघायचं. खुर्ची गोल वळसा घेऊन येत असते. लिफ्टवरचा माणूस पुढे होऊन ती हाताने धरतो, तिचा जोर मोडतो, आणि ती गुडघ्यांच्या मागे येऊन टेकते. बसलं की लगेच पायाखालची जमीन सुटते. पुढची खुर्ची कुणा अनोळखी माणसाची पाठ घेऊन चाललेली. मागच्या खुर्चीतला माणूस दिसत नाही. शेजारी कोणीच नाही. शेजार नावाची जागाच नाही.

मग बराच वेळ काहीच होत नाही. खांब आला की चाकांवरून दोर जाताना खडखड होते, तेवढाच आवाज. खाली बर्च झाडांची पांढरी सालं, त्यांच्यात एखाद्या सशाची पावलं. अर्ध्यावर एक मधला थांबा आहे. वर बर्फ कमी असेल तेव्हा तिथेच उतरवतात, एरवी खुर्ची तशीच पुढे जाते. पण त्या ठिकाणी चाल किंचित बदलल्यासारखी वाटते आणि मला दर वेळी बाईंची बोटं आठवतात. हा यती, ओळीच्या मधला थांबा. त्याच्या पुढे बर्च संपतात, स्प्रूस आणि फरची काळपट झाडं लागतात, आणि माथ्याजवळ तर ती वाऱ्याने इतकी गोठवलेली असतात की झाड कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो ते कळत नाही. इतका वेळ मी कोणाशीही बोललेली नसते. घरी दोन मुलं, दिवसभर बैठका असलेली नोकरी, पुण्यात आईबाबा आणि त्यांच्या वेळेनुसार रात्री करायचे फोन, यांत सलग एवढा वेळ गप्प बसण्याची सोय दुसरीकडे कुठे आहे?

आता या एकेरीपणाचा हिशेब पाहू. ही लिफ्ट तासाला सुमारे ५०० माणसं वर नेते. आजच्या मोठ्या ठिकाणी चार आसनांची वेगवान लिफ्ट तासाला २४०० माणसं नेऊ शकते. तिथे स्थानकात शिरताना खुर्ची दोराची पकड सोडते, माणसं हळू गतीने चढतात, आणि पुन्हा पकड घेऊन खुर्ची वेगाने सुटते. मॅड रिव्हरच्या खुर्च्या दोराला कायमच्या चिमटलेल्या आहेत. दोर धावेल तसंच चढायचं, म्हणून दोरच सावकाश धावतो. नवा बर्फ पडलेल्या शनिवारी खाली भलीमोठी रांग लागते. पहिल्यांदा गेले होते तेव्हा मी वैतागले होते. चार तासांचा पास आणि त्यातला तास रांगेत, हा कसला व्यवहार!

पण वर पोचल्यावर समोर वाट मोकळी. दूर एक माणूस वळणाआड जाताना दिसला, तेवढाच. तासाला पाचशेच माणसं वर सोडली तर उतारावरही तेवढीच असणार, आणि तेवढ्या माणसांच्या स्कीखाली बर्फ लवकर मरत नाही. मोठ्या ठिकाणी नवा बर्फ सकाळी अकरापर्यंत ढवळून निघतो, खालचा टणक थर उघडा पडतो. इथे दुपारी तीनला झाडांच्या कडेला अजून न मोडलेला, पिठासारखा बर्फ सापडतो. रांगेत गेलेला वेळ वाया जात नाही, तो वरच्या बर्फात साठलेला असतो. हे एकदा कळलं आणि त्या रांगेवरचा माझा राग गेला. अक्षरं कमी असणं म्हणजे काय, हे मला बाईंच्या तासाला जितकं कळलं नव्हतं तितकं त्या दिवशी कळलं.

हा योगायोगाने घडलेला डोंगर नाही. तो उभारला रोलंड पाल्मेडो यांनी. न्यूयॉर्कमध्ये गुंतवणुकीच्या व्यवसायात असलेला हा माणूस स्कीच्या वेडापायी व्हर्मॉन्टला येत राहिला. स्टोव येथे माउंट मॅन्सफील्डवर १९४० साली सुरू झालेल्या खुर्चीच्या लिफ्टमागेही तेच होते. पुढे स्टोव वाढलं, व्यापार वाढला, आणि पाल्मेडो तिथून बाहेर पडले. त्यांना खेळासाठी डोंगर हवा होता, डोंगरासाठी हॉटेलं नको होती. जनरल स्टार्क माउंटनचा उतार त्यांनी निवडला आणि जी लिफ्ट उभी केली तीच आजही चालते.

तीच म्हणताना थोडं थांबायला हवं, कारण २००७ साली ती जवळजवळ नव्याने बांधावी लागली. साठ वर्षांचं पोलाद थकलं होतं. दोन आसनांची लिफ्ट बसवण्याचा पर्याय समोर होता, आणि कुठल्याही हिशेबी माणसाने तोच घेतला असता. पण निर्णय एकेरी खुर्चीच ठेवण्याचा झाला. खांब उतरवले, घासले, रंगवले, परत उभे केले. वर्गणी काढली गेली, खर्च दीड-पावणेदोन दशलक्ष डॉलरच्या घरात गेला. एवढा पैसा ओतून माणसं वर नेण्याची क्षमता वाढवायची नाही, हे ज्यांनी ठरवलं त्यांना आपल्या डोंगराचा ठेका बरोबर कळला होता. खुर्चीत आणखी एक आसन जोडलं असतं तर रांग निम्मी झाली असती, आणि दुपारी तीनचा बर्फ गेला असता.

हे ठरवणारे मालक कोण, तर सभासद. पाल्मेडोंनंतर १९७२मध्ये डोंगर प्रॅट कुटुंबाकडे गेला. पती ट्रक्स्टन प्रॅट यांच्या मृत्यूनंतर बेट्सी प्रॅट यांनी तो दोन दशकं एकहाती सांभाळला आणि १९९५मध्ये स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेला विकला. तेव्हा एक शेअर दीड हजार डॉलरचा होता. ही माहिती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचे सभासद होते. शेअरचं ते जाड कागदाचं प्रमाणपत्र त्यांनी काचेच्या चौकटीत लावलं होतं, आणि वार्षिक सभेला जाताना धुतलेलं धोतर नेसून जायचे. प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याची धडपड आणि पाल्मेडोंची लिफ्ट साधारण एकाच काळातली. ऊस आणि बर्फ यांचा काडीचा संबंध नाही, मला माहीत आहे. पण पायथ्याच्या इमारतीत शेजारच्या टेबलावरचा म्हातारा ‘आमच्या लिफ्टचा चौथा खांब’ असं म्हणाला, तेव्हा त्या ‘आमच्या’मध्ये मला आजोबांचा आवाज ऐकू आला.

आता वाटांची नावं. नकाशावर बोट ठेवून वाचत गेलं की मॅड रिव्हरची नावं साधी आणि मोजकी आहेत. सोप्या उतारांच्या भागाला बर्डलँड म्हणतात, तिथे लहान मुलं पक्ष्यांच्या नावाच्या वाटांवरून उतरतात. वर गेलं की प्राणी मोठे होतात: अँटेलोप, लिंक्स, कॅटमाउंट. यातल्या कॅटमाउंटशी मी जास्त वेळ थांबते. कॅटमाउंट म्हणजे या डोंगरांतला पूर्वीचा मोठा मार्जार, म्हणजे प्यूमाच. व्हर्मॉन्टमधला शेवटचा माहीत असलेला कॅटमाउंट १८८१ साली बार्नर्ड गावी मारला गेला, आणि त्याची पेंढा भरलेली काया माँटपीलियरच्या संग्रहालयात आहे. म्हणजे लिफ्ट बांधली गेली तेव्हा हा प्राणी इथून जाऊन साठाहून अधिक वर्षं झाली होती. वाट मात्र त्याच्यासारखी चालते. ती डोंगरावरून सरळ खाली येत नाही, अंग चोरत, झाडांच्या सावलीतून, उंचवट्याला वळसा घालत उतरते. व्हर्मॉन्ट ज्यात येतं त्या न्यू इंग्लंड भागात पूर्वी वाटा अशाच तोडत, डोंगराचा कल बघून, अरुंद. पुढे यंत्रं आली, वाटा रुंद आणि सरळ झाल्या, कारण रात्री बर्फ दाबून गुळगुळीत करणाऱ्या गाडीला वळायला जागा लागते.

दुसरं नाव फॉल लाइन. उतारावर एखादा चेंडू सोडला तर तो ज्या रेषेने आपोआप खाली जाईल ती रेषा. स्की शिकताना प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून तिचं नाव घेतात. तिच्याकडे तोंड करायला शिकणं म्हणजेच स्की शिकणं, कारण भीती वाटली की शरीर नेमकं उलट, डोंगराकडे झुकतं. त्या रेषेचंच नाव वाटेला दिलं आहे. त्यात वर्णन नाही, अलंकार नाही. पाण्याच्या प्रवाहाला ‘पाणी’ म्हणावं तसं.

तिसरं पॅरडाइज. स्वर्ग म्हटलं की आपल्याला सोपं काहीतरी वाटतं. इथे माथ्यावरून झाडांतून जावं लागतं, उभा उतार, खडक, आणि मध्ये एक गोठलेला छोटा धबधबा, ज्याच्यावरून उडी घ्यावी लागते. मी तो कडेने पार केला आहे, उडी घेतलेली नाही. पण ते नाव ठेवणाऱ्याचं मन मला कळतं. या डोंगराचं जुनं घोषवाक्यच आहे, जमत असेल तर उतरून दाखवा.

बर्फ बहुतेक आकाशातून पडेल तोच. बर्फ फवारणारी यंत्रं अगदी थोड्या भागासाठी आहेत. उतारांवर माणसांच्या वळणांनीच उंचवटे तयार होतात. त्यांना इथे ‘मोगल’ म्हणतात. शब्द जर्मन भाषेच्या घरातला आहे, आपल्या मुघलांशी त्याचा संबंध नाही. बर्फ कमी पडला तर वाटा बंद राहतात. खडक डोकं वर काढतो, गवत दिसतं. डोंगर आपल्यावर पांघरूण घालून घेत नाही.

इतकं सगळं मला आवडतं. आणि तरीही गेली काही वर्षं आमच्या पासवर मॅड रिव्हरचं नाव नाही.

कारण आमची धाकटी. ती आठ वर्षांची असताना मैत्रिणीच्या स्नोबोर्डवर उभी राहिली आणि पुन्हा स्कीकडे वळली नाही. मॅड रिव्हरला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्नोबोर्डला बंदी आहे. अमेरिकेत अशी बंदी असलेली ठिकाणं आता तीनच आहेत, यूटामधली आल्टा आणि डीअर व्हॅली, आणि हे. सभासदांना बदलायची असती तर ती कधीच बदलली असती. त्यांना ती तशीच हवी आहे.

या बंदीवर मी पुष्कळ विचार केला आहे. एकेरी खुर्चीचा नकार आणि बोर्डाचा नकार एकाच हाताने लिहिलेले आहेत असं मला आधी वाटायचं. दोन्हींत एकच हट्ट, जसं आहे तसं ठेवू. आता तसं वाटत नाही. एकेरी खुर्चीचा नकार बर्फासाठी काहीतरी करतो, त्याचं फळ सगळ्यांच्या स्कीखाली येतं, मला ते दुपारी तीनला हाताने चाचपता येतं. बोर्डाच्या नकाराचं फळ मी शोधलं, मला सापडलं नाही. उभ्या उतारावर बोर्ड आडवा घसरत गेला की बर्फ खरवडला जातो असं तिथले लोक सांगतात, आणि ते खोटं नाही. पण घाबरलेला स्कीवालाही तसाच आडवा घसरतो, मी स्वतः घसरले आहे. छंदातली मात्रा आणि दारावरचा पहारा यांत फरक आहे. एका उत्तम रचनेत ही एक ओळ मला खटकते आणि रसग्रहण करताना ती लपवणं मला प्रामाणिक वाटत नाही.

म्हणून दुसरा नकाशा.

मॅजिक माउंटन लंडनडेरी गावाजवळ आहे. स्वित्झर्लंडमधून आलेल्या हान्स थॉर्नर या प्रशिक्षकाने तो १९६०मध्ये सुरू केला. इथल्या उतारात त्याला आपला देश दिसला. नावांकडे पाहा. मॅजिशियन, टॅलिझमन, ट्रिक, ब्रूमस्टिक, ट्वायलाइट झोन. ‘अप युअर स्लीव्ह’ म्हणजे जादूगाराने बाहीत लपवलेलं पान. झाडांमधली एक वाट आहे ‘गॉनिफ ग्लेड’. गॉनिफ हा यिडिश भाषेतला शब्द, अर्थ चोर. आणि मला सगळ्यांत आवडलेलं नाव, ‘स्लाइड ऑफ हान्स’. जादूगाराच्या हातचलाखीला इंग्रजीत ‘स्लाइट ऑफ हँड’ म्हणतात. एक-दोन अक्षरं हलवली की त्याचा अर्थ होतो ‘हान्सची घसरण’, म्हणजे संस्थापक हान्स थॉर्नर यांची उतरण. एका माणसाचं स्मारक इतक्या हलक्या हाताने उभं केलेलं मी दुसरं पाहिलं नाही. पुतळा नाही, पाटी नाही. त्याच्या नावावरून घसरत खाली यायचं.

मॅड रिव्हरची नावं डोंगराकडे बघून ठेवलेली आहेत, मॅजिकची प्रेक्षकांकडे बघून. पहिल्यांदा नकाशा पाहिला तेव्हा मला ती थोडी पोरकट वाटली होती. आता वाटत नाहीत. कारण या डोंगराने खरोखरच नाहीसं होऊन दाखवलं आहे. १९९१मध्ये तो बंद पडला. न्यू इंग्लंडमध्ये अशा बंद पडलेल्या स्कीच्या जागा शेकड्यांनी आहेत. जंगलात हिंडताना गंजलेला खांब दिसतो, चाकं दिसतात, आणि त्यांच्यामधून विशीतली झाडं वर आलेली असतात. मॅजिकचंही तेच व्हायचं. पण १९९७मध्ये तो पुन्हा उघडला. मग मालक बदलत गेले, काही हंगाम कसेबसे निघाले, आणि २०१६मध्ये या डोंगरावर जीव असलेल्या एका गटाने तो घेतला.

त्यांची ब्लॅक लाइन या वाटेवरची चार आसनी लिफ्ट ही तर एक स्वतंत्र कथा आहे. शेजारच्या स्ट्रॅटनने काढून टाकलेली जुनी लिफ्ट मॅजिकने घेतली आणि उभी करायला सुरुवात केली. हंगामामागून हंगाम गेले. खांब उभे, दोर नाही. दोर आला, परवानगी नाही. पास घेणारे लोक दर हिवाळ्यात तिच्याखालून जाताना मान वर करून बघायचे, आम्हीही. २०२४च्या हिवाळ्यात ती अखेर फिरली. मॅड रिव्हरची १९४८ची लिफ्ट पुन्हा जशीच्या तशी उभी करणं एका जातीचं प्रेम, आणि दुसऱ्याने टाकलेली लिफ्ट वर्षानुवर्षं खपून आपल्या डोंगरावर चालू करणं दुसऱ्या जातीचं. पहिल्याला नेमकं काय हवं ते ठाऊक होतं. दुसऱ्याने जे मिळालं त्यातून उभं केलं. आमच्यासारख्या, दुसऱ्या देशात येऊन मिळेल त्या सामानाने घर मांडलेल्या माणसांना हे दुसरं जास्त ओळखीचं वाटतं.

गर्दीचा प्रश्न मॅजिकलाही पडतो. तिथे आवर पोलादात ओतलेला नाही, तो हिशेबाच्या वहीत आहे. गर्दीच्या दिवसांसाठी तिकिटं मोजून विकली जातात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत डोंगर बहुधा बंद असतो, पण रात्रीत भरपूर बर्फ पडला तर सकाळी लिफ्ट सुरू केल्याची बातमी येते आणि कामाच्या दिवशी गाडी काढावी का या विचाराने माझा चहा निवतो. हा आवर तितका पक्का नाही, उद्या कोणी तो बदलू शकेल. मॅड रिव्हरची खुर्ची बदलायची तर ती तोडावीच लागेल. रचना म्हणून पाहिलं तर मॅड रिव्हर श्रेष्ठ आहे, हे मला मान्य आहे. कुठेही ओळ सैल नाही. मॅजिकच्या संहितेत खाडाखोड आहे, डाग आहेत, काही ओळी दुसऱ्याच्या हस्ताक्षरात आहेत.

पण मॅजिकच्या माथ्यावर जाणारी रेड चेअर दोन आसनांची आहे.

तीही जुनी, दोराला कायमची चिमटलेली, सावकाश. मागच्या फेब्रुवारीतली एक फेरी सांगते. उणे पंधरा तापमान, बारीक बर्फ पडत होता. माझ्या पायात दोन स्की. लेकीचा पुढचा पाय बोर्डाला बांधलेला, मागचा मोकळा. खुर्ची आली, आम्ही एकदम बसलो. तिच्या बोर्डाची कड माझ्या स्कीवर आपटली. ‘सॉरी आई.’ ‘असू दे गं, सरक जरा तिकडे.’ वरून दांडी खाली ओढून घेतली. तिचा बोर्ड एका पायाला लोंबकळत होता, त्याचं वजन घोट्यावर येतं, म्हणून तिने तो माझ्या डाव्या स्कीच्या टोकावर टेकवला. वर जाईपर्यंत मी पाय हलवला नाही.

ती तेरा वर्षांची आहे. घरी खोलीचं दार लावून बसते, विचारलं तर एका शब्दात उत्तर देते. गाडीत कानात गाणी असतात. खुर्चीत मात्र हातमोजे काढून फोन हाताळला तर बोटं गोठतात, आणि उतरायला वाट नसते. पहिले दोन-तीन खांब ती खाली रेड लाइन या वाटेवरून कोण कसं उतरतंय ते बघत होती. मग म्हणाली, ‘त्या लाल जाकीटवाल्याला भीती वाटतेय. बघ, तो मागे झुकतोय.’ मी म्हटलं, हो. पुढच्या खांबाला चाकं खडखडली. मग तिने, माझ्याकडे न बघता, शाळेतली एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिच्या मैत्रिणीची होती, पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की मैत्रिणीची नाही. मी मध्ये काही विचारलं नाही. बर्फ आमच्या मांड्यांवर साठत होता, ती तो हातमोज्याने गोळा करून दांडीवर छोटे ढीग लावत होती आणि बोलत होती. लिफ्ट एकदा थांबली. खाली कोणीतरी चढताना पडलं असणार. आम्ही झाडांच्या वर, वाऱ्यात झुलत राहिलो. कोणत्याही वेगवान लिफ्टमध्ये ही गोष्ट अर्धीच झाली असती.

मॅड रिव्हरला मी वर्षातून एकदा जाते, मार्चमध्ये, एकटी, एका दिवसाचं तिकीट काढून. रांगेत उभी राहते, गप्प वर जाते, कॅटमाउंटवरून सावकाश उतरते. नवरा हसतो, म्हणतो, ही तुझी वारी. यंदाही जाईन.

काल रात्री दोन्ही नकाशे पुन्हा टेबलावर होते. मोठा म्हणाला, या वर्षी मॅड रिव्हर, त्याला पॅरडाइजवरून उतरायचं आहे आणि तो ते करेलही. धाकटी काही बोलली नाही, फक्त मॅजिकचा नकाशा आपल्याकडे ओढून त्याच्यावर चकलीची बशी ठेवली. मी फॉर्म भरायला घेतला आणि डोंगराच्या रकान्यात मॅजिक लिहिलं. मोठ्याला सांगितलं की मार्चमधल्या माझ्या दिवशी या वर्षी दोन तिकिटं काढू. तू तुझ्या खुर्चीत, मी माझ्या. वर भेटू.

त्या फेब्रुवारीच्या फेरीचा शेवट राहिला. माथा जवळ आला, उतरायच्या जागेची पाटी दिसली, आणि तिची गोष्ट संपलेली नव्हती. तिने दांडी वर ढकलली, दांडीवरचे बर्फाचे सगळे ढीग खाली पडले. माझ्या स्कीवरून बोर्ड उचलला. ‘आई, टोकं वर कर,’ म्हणाली, जसं मी तिला ती पाच वर्षांची असताना सांगायचे. खुर्ची जमिनीला टेकली. ती डावीकडे गेली, मी उजवीकडे. मग बर्फात बसून दुसरा पाय बोर्डाला बांधता बांधता तिने मान वर केली आणि राहिलेलं सांगू लागली.